चामड्याची वरात

कोल्हापुरात छायाबाहुल्यांचा विषय निघाला की पार्श्वनाथ मगदूम यांचंच नाव घेतात. मंगळवार पेठेतल्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे, मी मराठी. घरंही एकाच गल्लीत. त्यामुळं जे सांगतोय त्यातलं काही मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, काही त्यांनीच तुकड्यातुकड्यानं सांगितलेलं, आणि जे ते टाळायचे ते त्यांच्या बायकोनं, सोनलवहिनींनी, सांगितलेलं.

मगदूमांचं घर जैन, आणि आचाराला कडक. वडील लवकर गेलेले, त्यामुळं आई सीताबाईंच्या शब्दावर घर चालायचं. दिवस मावळायच्या आत जेवणं, कांदा-बटाटा नाही, आणि चामडं तर उंबऱ्याच्या आत नाहीच. ज्या गावच्या चपला लोक लांबून येऊन घेऊन जातात, त्या गावात पार्श्वनाथ जन्मभर रबरी चपला घालून हिंडले. कमरेचा पट्टा रेक्झिनचा, घड्याळाचा स्टीलचा. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. दुसरं काही हातात धरावं अशी वेळच आली नव्हती.

ती आली चिक्कोडीच्या पुढं, सासुरवाडीच्या जत्रेत. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. अंधार पडल्यावर मेहुणे त्यांना देवळामागच्या मैदानात घेऊन गेले. तिथं पांढरं धोतर ताणून बांधलं होतं, त्याच्यामागं दिवा होता आणि धोतरावर सावल्या हलत होत्या. सावली काळी असते एवढंच चित्रकलेच्या या मास्तराला माहीत. इथं सीतेचं लुगडं हिरवंगार होतं, रावणाची तोंडं कुंकवासारखी लाल होती. मागून एकच माणूस रावणाच्या आवाजात गरजत होता, दुसऱ्या क्षणी सीतेच्या आवाजात रडत होता आणि पायाखालची फळी आपटून लढाईचा कडकडाट उठवत होता. झांज वाजवत एक बाई त्याला गाण्याची साथ देत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्श्वनाथ त्या दोघांना शोधत गेले. गुंडू आणि त्याची बायको शालूबाई. खेळ कन्नडमध्ये करायचे, पण नवराबायको आपसात बोलत होते ते मराठी, जुन्या वळणाची, आपल्याकडं आता कुणाच्या तोंडी नसलेली. त्यांचे वाडवडील कधीकाळी इकडूनच तिकडं गेलेले. पार्श्वनाथांनी बाहुल्या बघायला मागितल्या. गुंडूअण्णांनी गठडं सोडलं. बाहुली शेळीच्या कातड्याची होती, खरडून खरडून इतकी पातळ केलेली की पलीकडचा हात दिसावा. पार्श्वनाथांनी ती रुमालात धरली. अण्णांनी रुमाल बघितला.

पुढं मे महिना आणि दिवाळी लागली की पार्श्वनाथ सासुरवाडीला जायचे. जावयाला सासर फार आवडतं म्हणून गल्लीत चेष्टा व्हायची. खरं म्हणजे ते दिवसभर अण्णांच्या अंगणात असायचे. तिसऱ्या सुट्टीत रुमाल गेला. कातडं भिजवणं, खरडणं, ताणून वाळवणं, छिन्नीनं जाळी पाडणं, रंग भरणं, सगळं ते शिकले. बाहुलीचा डोळा शेवटी कोरायचा, तोवर तिला नावानं हाक मारायची नाही. देव आणि राक्षस एका गठड्यात बांधायचे नाहीत. अण्णा त्यांना पारसू म्हणायचे, अरेतुरे करायचे. शालूबाई ताटात भाकरी वाढताना सांगायच्या की तव्यावर दुसरं काही शिजवलेलं नाही, निवांत खा.

पार्श्वनाथ वाचणारे होते. कोल्हापुरात मिळतील तेवढी पुस्तकं गोळा करून ते अण्णांना जगभरचं सांगत. जावा बेटावर एकच माणूस अख्खी रात्र महाभारत सांगतो आणि सगळ्यांचे आवाज तोच काढतो. तुर्कस्तानात दोन विदूषकांचं भांडण चालतं. केरळात देवीपुढं खेळ होतो आणि माणूस एकही आला नाही तरी होतो, कारण बघणारी देवी असते. अण्णा ऐकून घ्यायचे आणि दर वेळी एकच विचारायचे, तिकडं बाहुली कशाची? जावात म्हशीच्या कातड्याची, चीनमध्ये गाढवाच्या, तुर्कस्तानात उंटाच्या. मग अण्णा खूश होऊन शालूबाईंना सांगायचे, बघ, समद्या दुनियेत कातडंच हाय.

घरी मात्र पार्श्वनाथांनी पुठ्ठ्याच्या बाहुल्या म्हणून सांगितलं होतं. स्वतः केलेल्या बाहुल्या ते अण्णांकडंच ठेवायचे. कोल्हापुरात शिरण्याआधी सासुरवाडीच्या विहिरीवर अंघोळ करून कपडे बदलून यायचे. हे सोनलवहिनींना माहीत होतं. त्या सासूला काही बोलल्या नाहीत, नवऱ्यालाही नाहीत.

नेमिनाथांचा खेळ करायचा ही कल्पना पार्श्वनाथांचीच. नेमिनाथ तीर्थंकर लग्नाला निघालेत. वरात नवरीच्या दारात पोचते आणि वाड्याच्या मागून जनावरांचा आक्रोश ऐकू येतो. हरणं, शेळ्या, ससे पाहुण्यांच्या जेवणासाठी कोंडून ठेवलेले असतात. ते ऐकून नेमिनाथ रथ वळवतात, अंगावरचे दागिने उतरवतात आणि गिरनारच्या वाटेला लागतात. राजुल, त्यांची नवरी, दारातच राहते. आमच्याकडच्या जैन घरात लहान पोरालाही ही कथा येते. अण्णांना ती माहीत नव्हती. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "पारसू, ही कथा कातड्यात सांगायची? तुमच्या लोकांस्नी चालंल?"

पार्श्वनाथांनी सांगितलं, मी बघतो. अण्णांनी पुन्हा विचारलं, तुमच्या समाजाच्या कमिटीला सांगितलंस का? ते म्हणाले, सांगितलंय, त्यांची काही हरकत नाही.

कमिटीचे अध्यक्ष जिनेंद्र चौगुले. त्यांनीही विचारलं होतं, बाहुल्या कशाच्या? त्यांना पार्श्वनाथांनी सांगितलं, प्लॅस्टिकसारखा एक कागद असतो, त्याच्या. दोन्हीकडं खोटं बोलायची त्यांना गरज काय पडली हे मला आजही नीट सांगता येत नाही. मी एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, खेळ व्हावा एवढंच डोक्यात होतं. खेळ बघितल्यावर लोक विसरून जातील असं वाटत होतं.

वर्षभर अण्णा आणि पार्श्वनाथ नव्या बाहुल्या करत होते. कोंडलेली जनावरं सगळी अण्णांनी कोरली, नेमिनाथ आणि राजुल पार्श्वनाथांनी. भाद्रपदात पर्युषणाच्या दिवसांत बस्तीशेजारच्या, म्हणजे जैन मंदिराशेजारच्या, समाजाच्या हॉलमध्ये खेळ ठरला. शेजारी म्हणून मलाही बोलावणं होतं. हॉल भरलेला. पहिल्या रांगेत सीताबाई पांढऱ्या लुगड्यात बसलेल्या. लेकाचं कौतुक बघायला म्हणून त्या दिवशी त्या उपवास असूनही आल्या होत्या.

मी पुष्कळ नाटकं पाहिली आहेत, पण तसं काही पाहिलं नाही. वरात निघाली तेव्हा पडद्यावर इतका रंग होता की पोरं ओरडत होती. मग अण्णांनी दिवा किंचित लांब घेतला, रंग फिके झाले आणि गजांच्या आड एक हरीण आलं. ते मान वळवून आपल्याकडं बघायचं. एक शेळी बसलेली होती, तिचं पोट श्वासानं हलत होतं. अण्णांनी आवाज काढला तो रडण्याचा नव्हता, तहानलेल्या जनावराचा होता. हॉलमधल्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या. रथ वळला, शालूबाईंनी राजुलचं गाणं म्हटलं आणि दिवा विझला.

खेळ संपल्यावर माणसं पडद्यामागं जातातच. जिनेंद्रअण्णांच्या घरातल्या एका बाईंनी ते हरीण हातात घेतलं, उजेडात धरलं आणि किती सुंदर म्हणत विचारलं की हे कशाचं आहे. गुंडूअण्णांना वाटत होतं सगळ्यांना माहीत आहे. ते अभिमानानं म्हणाले, "शेळीचं हाय की. कवळं कातडं, म्हणून इतकं उजळतंय."

बाईंच्या हातून हरीण खाली पडलं.

गर्दी जमली. आरडाओरडा कुणी केला नाही, तेवढं सांगायला हवं. जिनेंद्रअण्णा पुढं आले. त्यांनी पार्श्वनाथांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर शांतपणे विचारलं, "पार्श्वनाथ, तुला हे माहीत होतं?"

मी तीन-चार माणसं सोडून उभा होतो. पार्श्वनाथांनी आधी आईकडं बघितलं. मग म्हणाले, "मला प्लॅस्टिक म्हणून सांगितलं होतं. मी विश्वास ठेवला."

अण्णा त्यांच्याकडं बघत राहिले. पुढं काहीतरी येईल अशी वाट बघत असावेत. काही आलं नाही तेव्हा ते खाली बसले आणि बाहुल्या गोळा करू लागले. शालूबाईंना मात्र राहवलं नाही. त्या म्हणाल्या, "ह्यो आमच्या अंगणात बसून कातडं खरडत हुता. त्यो नेमिनाथ ह्याच्याच हातचा हाय. इचारा त्येला."

लोक पार्श्वनाथांकडं बघू लागले. ते म्हणाले, "त्यांचं काय, आता काहीही बोलतील."

कुणी शालूबाईंवर विश्वास ठेवला नाही. मास्तर आपला, घर आपलं, आई पहिल्या रांगेत उपवासाची बसलेली. अण्णांनी बायकोला हातानं गप्प केलं. जिनेंद्रअण्णांनी स्वतः टेम्पो ठरवून दिला, अंधारात म्हाताऱ्या माणसांचे हाल नकोत म्हणून. त्यांच्या परीनं ते सभ्यच वागले. पण शालूबाई ती पायाची फळी उचलत होत्या आणि त्यांच्या मागं दोघं-तिघं पाणी ओतून फरशी धूत होते. फळीखालची जागा राहिली होती, म्हणून ते त्या उठायची वाट बघत थांबले होते.

घरी आल्यावर सीताबाई बसायच्या खोलीतच थांबल्या. त्यांनी लेकाला विचारलं नाही. त्यांना माहीतच होतं. सोनलवहिनी सांगतात, कपडे कितीही बदलले तरी त्या वासानं ओळखायच्या, वर्षानुवर्षं ओळखत होत्या, आणि पोरगा एक दिवस स्वतः येऊन सांगेल म्हणून गप्प होत्या. त्या रात्री त्या एवढंच म्हणाल्या, "चामड्याला शिवलास, त्येला अंघोळ हाय. त्या माणसाला आज तिथं खोटा ठरवून आलास, त्येला काय हाय?" आणि सकाळी जिनेंद्रकडं जाऊन खरं सांगून यायला सांगितलं.

सकाळी ते सरळ शाळेत आले.

पर्युषण संपलं की क्षमावाणीचा दिवस असतो. वर्षभरात कळत-नकळत ज्याला दुखावलं त्याची हात जोडून क्षमा मागायची. त्या वर्षी पार्श्वनाथ गल्लीत घरोघरी गेले, माझ्याकडंही आले. मोबाइलवरून शेकडो लोकांना निरोप पाठवले. आईच्या पाया पडायला वाकले तेव्हा सीताबाईंनी पाय आत घेतले. चिक्कोडीला जाऊन आलास का, असं विचारलं. पुढं दर वर्षी क्षमावाणीला त्या तेवढंच विचारायच्या आणि दर वर्षी ते पुढच्या घरी क्षमा मागायला निघायचे.

अण्णांचं अंगण सुटल्याची पोकळी त्यांनी कामानं भरून काढली. दवाखान्यातून टाकून दिलेले जुने एक्स-रे आणायचे, धुवायचे, त्यांच्यावर रंग लावून बाहुल्या कापायच्या. अहिंसक बाहुल्या म्हणून वर्तमानपत्रात फोटो आला. शाळाशाळांतून बोलावणी येऊ लागली. जावा, चीन, तुर्कस्तान, केरळ, सगळं ते रंगवून सांगत. चिक्कोडीकडचं काही सांगत नसत. लोकांना फार आवडायचं. बाहुल्या मात्र मेलेल्या होत्या. एक्स-रेवर रंग बसत नाही, दिव्यापुढं तो डाग पडल्यासारखा दिसतो, आणि वर्षभरात कडा तडकतात. मी सहज कौतुक केलं की ते म्हणायचे, राहू द्या हो. तेवढा एकच खरेपणा त्यांनी कायम ठेवला.

गुंडूअण्णांचं काय झालं ते पार्श्वनाथांना बरीच वर्षं माहीत नव्हतं, किंवा माहीत करून घेतलं नव्हतं. सीताबाई गेल्या त्या साली, क्षमावाणीला, विचारणारं कुणी उरलं नाही तेव्हा ते चिक्कोडीला गेले. सोनलवहिनी बरोबर होत्या.

अण्णांच्या अंगणात त्यांचा मुलगा ज्ञानू दिव्यांचे शेड शिवत बसला होता. चामड्याचेच, गोल, वर मोर आणि वेलबुट्टी. बेंगळूरचा एक व्यापारी ते न्यायचा. अण्णा भिंतीला टेकून बसले होते, गुडघे गेलेले. त्यांनी ओळखलं. म्हणाले, "या पावणं. बसा."

पार्श्वनाथांनी पाय धरले. अण्णांनी सोडवले नाहीत आणि हातही ठेवला नाही. मग त्या खेळानंतर जे झालं ते अण्णांनी सांगितलं, भांडण न काढता, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. त्या भागातल्या जैन शेतकऱ्यांच्या घरून सुगीला धान्य यायचं. त्यांच्याच वस्तीवर, माळावर, अण्णांचे वाडवडील खेळ करत आले होते. बाहुली चामड्याची असते हे त्या लोकांना कायम माहीत होतं. ते आपले लांब बसून बघायचे, आणि बाहुली घरात कुणी आणत नव्हतं. पण गुंडूनं कोल्हापुरात बस्तीजवळ, पर्वाच्या दिवसांत, खोटं सांगून कातडं आत नेलं, ही गोष्ट सोयऱ्याधायऱ्यांतून तिकडं पोचली. सांगणारा कोण, तर त्या लोकांचाच जावई, पार्श्वनाथ. पुढच्या सुगीला एका घरानं नाही म्हटलं, मग दुसऱ्यानं. जत्रेची सुपारी ऑर्केस्ट्राला गेली. शालूबाई दारादारांत जाऊन खरं सांगत होत्या, तेवढं त्यांचं हसं झालं.

"चामड्याचं कुणी कधी काय म्हणलं न्हाय," अण्णा म्हणाले. "खोटारडा म्हणले."

पार्श्वनाथांनी विचारलं, मी काय करू? त्यांनी पाकीट आणलं होतं, ते अण्णांनी ज्ञानूच्या हातून परत दिलं. म्हणाले, "एकच करा. तिथं जाऊन, तुमच्या त्या लोकांत उभं राहून सांगा, गुंडू खोटं बोलला नव्हता. मग ते हितं आपोआप पोचतंय."

शालूबाई आतून बाहेर आल्या नाहीत. सोनलवहिनी आत गेल्या तेव्हा त्या चुलीपाशी बसल्या होत्या. चहा दिला त्यांनी. आणि पुन्हा चुलीकडं तोंड केलं.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी पार्श्वनाथ जिनेंद्रअण्णांकडं गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटतं आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम त्यांनी त्या दिवशी केलं, आणि ते पुरं केलं असतं तर ही गोष्ट वेगळी झाली असती. जिनेंद्रअण्णा आता थकले होते. ऐकून त्यांना वाईट वाटलं. पण ते म्हणाले, झालं ते झालं. तू आता समाजाचं नाव आहेस, शाळांतून पोरं तुला ओळखतात. तुझ्या आईचंही नाव आहे. त्या माणसाला मी हवं तर गुपचूप काही मदत पाठवतो, पण आता सभेत उभं राहून कशाला?

पार्श्वनाथ मला म्हणाले, "ते ऐकलं आणि इतकं हलकं वाटलं. घरी येईपर्यंत हलकंच वाटत होतं. मग कळलं, मी त्यांच्याकडं तेवढ्यासाठीच गेलतो."

त्यानंतर ज्ञानूचा फोन अधूनमधून यायचा. अण्णांनी विचारायला सांगितलंय, झालं का. सुरुवातीला पार्श्वनाथ सांगायचे, पुढच्या बैठकीत बोलतो. बैठक व्हायची. ते शेवटच्या रांगेत बसून यायचे. मग त्यांनी फोन घेणं बंद केलं. फोन वाजला की सोनलवहिनी स्वयंपाकघरातून बघायच्या आणि ते स्क्रीन उपडी ठेवायचे. एकदा वहिनींनीच फोन उचलला आणि खरं काय ते ज्ञानूला सांगून टाकलं, की ते सांगणार नाहीत. पुन्हा फोन आला नाही.

गेल्या वर्षी समाजानं पार्श्वनाथांचा सत्कार केला, त्याच हॉलमध्ये. शाल, श्रीफळ, मानपत्र. त्यांची मुलगी आदिती पुण्याहून आली होती. मानपत्रात अहिंसेची शिकवण बाहुल्यांतून दिल्याबद्दल वगैरे होतं. मी पहिल्या रांगेत होतो. ते बोलायला उठले, माइक धरला, आणि हातातलं मानपत्र टेबलावर ठेवलं. मला वाटलं, आता. वहिनींनाही वाटलं असावं, त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग ते जावा बेटावरच्या खेळाबद्दल बोलू लागले.

गुंडूअण्णा त्यानंतर महिन्याभरात गेले. बातमी सासुरवाडीहून आली. पार्श्वनाथांनी जायचं ठरवलं, गाडी सांगितली, मग रद्द केली. शेवटी फोन केला. ज्ञानूनं तो आईकडं दिला. इतक्या वर्षांत शालूबाई त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होत्या. फोन स्पीकरवर होता, मी तिथंच बसलो होतो.

पार्श्वनाथ सांत्वनाचं काही बोलू लागले. शालूबाईंनी बोलू दिलं. संपल्यावर विचारलं, "तुमी सांगितलासा का वं, तुमच्या लोकांत?"

पार्श्वनाथ म्हणाले, "न्हाय."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि ज्ञानूला फोन बंद कसा करायचा ते विचारलं. ज्ञानूनं तो बंद केला.